धोंडूच्या देवाचा वार

आमच्या वाडीत रविवार फक्त आमच्याच घरी यायचा. बाकीच्यांचे वार वेगळे. सोमवारी बैल जुंपायचे नाहीत, अवसेला नांगराला हात लावायचा नाही, असे वाडीचे नेम होते आणि ते कुणाला शिकवावे लागत नसत. रविवारी मात्र सगळी वाडी कामाला निघून जायची आणि आमचं एकच घर ओटीवर बसून राहायचं. गुरं सुटली, बायका झऱ्यावरून पाणी घेऊन आल्या आणि पुन्हा रानात गेल्या, की सगळं सामसूम व्हायचं. मग बाबा धुतलेला सदरा घालून ओटीवर घोंगडी अंथरायचे, पवित्र शास्त्र उघडायचे आणि गायला लागायचे. गाणारे ते एकटे, ऐकणाऱ्या आम्ही दोघी. त्यातही आईचं अर्धं लक्ष चुलीवरच्या भाताकडे. भात उतू जायला लागला की ती प्रार्थनेच्या मधूनच उठायची, आणि बाबा डोळे मिटलेले असतानाही बांगड्यांच्या आवाजावरून ओळखून तिच्यासाठी थांबायचे. प्रभूलाही तेवढा वेळ थांबावं लागायचं.

बाबांचा गळा काही चांगला नव्हता, हे आता सांगायला हरकत नाही. चाल मुंबईत मिशनच्या इस्पितळात अर्धवट ऐकलेली आणि आवाज डोंगरात गुरं हाकून तयार झालेला. ते गायला लागले की समोरच्या कड्यावरून त्यांचाच आवाज थोड्या वेळानं परत यायचा. लहान असताना मला खरंच वाटायचं की तिकडे पलीकडे कुणीतरी आपल्यासारखे ख्रिस्ती लोक राहतात आणि आपल्या मागून म्हणतात. एकदा मी बाबांना विचारलं, आपण त्यांच्याकडे कधी जायचं? बाबा आधी हसले, मग म्हणाले, "असते तर लय बरं झालं असतं गो." आता मी शहरात राहते. इथल्या चर्चमध्ये पंखे आहेत, बाक आहेत, पेटी वाजवणारा मुलगा आहे आणि सणाला उभं राहायला जागा नसते. तरी गाणं सुरू झालं की मी अजून क्षणभर थांबते, मागून आवाज येतो का ते ऐकायला. सूनबाई म्हणते, आई, तुमचं लक्ष कुठे असतं?

बाबा जन्माचे ख्रिस्ती नव्हते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कुडपणकडे चढणाऱ्या वाटेच्या जरा अलीकडे आमची वाडी. सगळी घरं एका आडनावाची, एका कुळाची. तरणेपणी बाबा इतरांसारखेच मुंबईला गेले, गोदीत हमाली करू लागले. तिथं एकदा थप्पी कोसळून पोती अंगावर आली आणि ते कमरेपासून लुळे पडले. कितीतरी महिने मिशनच्या इस्पितळात होते. त्याआधी बाबा फार भित्रे होते, असं माझी काकी सांगायची. तिन्हीसांजेला वडाखालून जायचे नाहीत, निघताना कुणी शिंकलं तर परत फिरायचे, घरात कुणाला ताप आला की कोणत्या देवाचं काय द्यायचं राहिलं ते आठवत बसायचे. इस्पितळात एक म्हातारी आया होती. काम संपलं की ती रोज त्यांच्या खाटेपाशी बसायची. ती आणखी काय काय बोलली ते बाबांनी कधी सांगितलं नाही. एवढंच सांगायचे, "ती म्हणाली, तुला मारायला टपलेला देव नाय रे, तुज्यासाठी मेलेला देव हाय. आणि माजी भीती गेली." दुखरी दाढ काढल्यावर माणूस सांगतो, तितक्याच साधेपणानं ते हे सांगायचे. पायात बळ नंतर हळूहळू आलं. पण ते आधीच बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले होते, आणि पाय बरे झाले म्हणून विश्वास ठेवला असं कुणी म्हटलं तर त्यांना राग यायचा.

आईलाही बाप्तिस्मा मिळाला होता. तुला पटलं होतं का, असं मी तिला मोठेपणी विचारलं. ती म्हणाली, "पाळकांनी पाणी घातलं, मी डोकं पुढं केलं. ह्यांच्या मागनं निघाले व्हते, मग अर्ध्या वाटेत कुठं थांबू?" यापलीकडे तिनं या विषयावर बोलायचं नाव काढलं नाही.

ते दोघं मला कडेवर घेऊन गावी परतले तेव्हा वाडी जमली. वाळीत टाकलं असं काही म्हणता येणार नाही. थोरले काका, म्हणजे बाबांचे सख्खे भाऊ, पुढं होऊन म्हणाले होते, माझा भाऊ हाय, जमीन त्याची हाय, राहू दे त्याला. तेव्हा राहू दिलं. मात्र झऱ्यावर आमची पाळी सगळ्यांच्या शेवटी, आणि आमच्या घरचं कुणी खायचं नाही. हे ठरल्यावर वाडीतले वडीलधारे तानूआबा यांनी अगदी व्यवहाराचा प्रश्न विचारला, "धोंड्या, तुज्या देवाला लागतं काय? कोंबडा लागतो, नारळ लागतो, काय ते आत्ताच सांग. उद्या आमच्याकडून कायतरी राह्यचं आणि तो खवळायचा." बाबा म्हणाले, काही लागत नाही. कुणाचा विश्वास बसला नाही. आबा म्हणाले, "भूक नसलेला पावणा आणि मागणं नसलेला देव, दोघांचा भरवसा नाय." मग वाडी आमच्यावर नजर ठेवून राहिली. आठ-पंधरा दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं की धोंडू रविवारी बैल जुंपत नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हां! धोंडूच्या देवाला वार लागतो. मग काय, हा देव त्यांच्या ओळखीचाच निघाला.

तेव्हापासून वाडीनं आमच्या रविवारचा मान ठेवला, आणि तो मनापासून ठेवला, हेही सांगितलं पाहिजे. आमच्याकडे भाताची लावणी पाळीनं होई. आज सगळे मिळून एकाच्या खाचरात उतरायचे, उद्या दुसऱ्याच्या. एकट्यादुकट्या घरानं लावणी करायची म्हटली तर पाऊस तोवर वाट पाहत नाही. ही पाळी लावताना आबा स्वतः आठवण करून द्यायचे, "रविवारी धोंडूला धरू नका रे, त्याचा वार हाय." शनिवारी संध्याकाळी कुणीतरी वाटेवरून ओरडून जायचं, "धोंडू, उद्या तुजा वार, बैलांना गवत आजच आणून टाक!" बाबा वैतागायचे. "वार नाय तो. देवाच्या भीतीनं पाळायचा वार नाय. त्यानं आपल्याला दिलेला विसावा हाय." लोक मान डोलावायचे आणि तसंच म्हणत राहायचे.

महिन्यातून एका रविवारी बाबा आम्हांला महाडला नेत. पहाटे वाडीतून उतरायचं, पोलादपूरला एसटी धरायची आणि महाडला बाजाराच्या मागे एका भाड्याच्या खोलीत जायचं. बाहेरगावचे पाळकसाहेब तिथं उपासना चालवायला येत. एक नर्सबाई, पोस्टातलं एक कुटुंब, एक मास्तर, आणि आम्ही. तिथं तरी आपली माणसं भेटतील असं मला वाटायचं. पण त्या मंडळींची मुलं पुस्तकातल्यासारखी बोलायची आणि माझ्या तोंडून 'नाय' निघालं की एकमेकांकडे पाहायची. मी मग भिंतीला टेकून बसायची. वाडीत गौरीच्या दिवसांत पोरी फुगड्या घालताना मला बोलवायच्या, पण प्रसादाची वेळ झाली की मला उठून घरी यावं लागायचं, कारण बाबांना ते चालत नसे. म्हणजे त्यांनी आमचं खायचं नाही आणि आम्ही त्यांचं. इकडे वाडी, तिकडे महाडची खोली, आणि मधल्या वाटेवर मी. माझं बरंचसं बालपण त्या वाटेवरच गेलं असं मला वाटतं. पाळकसाहेबांना मात्र बाबांचं फार कौतुक होतं. उपदेशात ते त्यांच्याकडे हात करून म्हणत, खरा विश्वास पाहायचा असेल तर या डोंगरातल्या भावाकडे पाहा, भर लावणीतही याचा रविवार चुकत नाही. बाबा संकोचून खाली बघत. मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

मग ते साल आलं. मी तेव्हा लावणीत आईच्या बरोबरीनं वाकायला लागले होते. पाऊस वेळेवर लागला, पाळ्या ठरल्या, आणि थोरल्या काकांची पाळी यायच्या आदल्या दिवशी ते बांधावरून घसरून बैलाच्या पायाखाली आले. मांडीचं हाड मोडलं. खालच्या गावचा वैदू येऊन बांबूच्या कांबी बांधून गेला. काकांचे दोन्ही मुलगे मुंबईला. घरात काकी एकटी आणि खाटेवर कण्हणारे काका. त्या गडबडीत त्यांची पाळी हुकली, आणि हुकलेली पाळी सगळ्यांच्या शेवटी जाते, हा नेम. त्यातच पाऊस उघडला. ऐन लावणीत असं लख्ख ऊन पडलं की पोरं खूश होतात आणि मोठी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. काकांचं खाचर उतरणीचं. त्यातलं पाणी आटत चाललं, रोपं वाढून जून व्हायला लागली. आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर वर्षाचं भात गेलं असतं. बाबा आठवडाभर दुसऱ्यांच्या पाळीत बांधलेले होते. सोमवारी वाडीतला एकही बैल हलणार नव्हता. मोकळा राहिला फक्त रविवार.

त्या सकाळी बाबांनी धुतलेला सदरा घातला नाही. मळकी बंडी घातली आणि गोठ्यात जाऊन बैल सोडले. आई चुलीपाशी होती, ती हातात फुंकणी घेऊनच बाहेर आली.

"आज रविवार हाय."

"हाय. म्हणूनच जातोय," बाबा म्हणाले. "तुमी दोघी पण चला. रोपं उपटायला हात पायजेत."

"आणि उपासना?"

"तिथंच करू."

काकांच्या खाचरात बाबांनी नांगर घातला. आम्ही दोघी रोपं उपटून मुठी बांधू लागलो. बाबा गुडघाभर चिखलात बैलांच्या मागून चालत मोठ्यानं भजन म्हणत होते, मधेच बैलांना शिव्या घालत होते, आणि पुन्हा भजनाची ओळ पकडत होते. मला इतकी मजा कधी आली नव्हती. तेवढ्यात काकी धावत आली. बांधावर उभी राहिली, आत उतरली नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती होती.

"भावजी, आज नको! तुमचा वार हाय!"

"वैनी, उद्या पाणी राहणार नाय."

"नसू दे! आमच्यापायी तुमचा देव कोपला तर? आधीच घरात माणूस आडवा पडलाय."

"तो कोपत नाय वैनी," बाबा म्हणाले आणि बैल वळवले. काकी बराच वेळ बांधावर पदर तोंडाशी धरून उभी होती. कामाला वाटेनं जाणारे लोकही थांबून पाहत होते आणि पुढं जात होते. दिवस मावळायच्या आत खाचर लावून झालं. हातपाय धुऊन बाबा भावाला सांगायला गेले, मी त्यांच्या मागोमाग. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आनंदानं आलं. पण ते म्हणाले, "धोंड्या, माज्यापायी तुजा देव गेला रे."

"गेला नाय भाऊ. त्यानंच आणलं मला तिकडं."

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना ते समजलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वाडीला सुट्टीच होती. सकाळीच आबा आणि चारपाच जण आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. रागावलेले नव्हते. काळजीत होते. आबांच्या हातात सोललेला नारळ होता, शेंडी ठेवलेला.

"धोंड्या, झालं ते झालं," आबा म्हणाले. "भावासाठी केलंस, समजतंय आमाला. पण वार मोडला तो मोडला. आता तुज्या देवाला कायतरी दे आणि मोकळा हो. नारळ आमीच आणलाय. तुज्या रीतीनं काय बोलायचं ते बोल आणि खाचरात फोड. आमचं काय म्हणणं नाय."

"आबा, माज्या देवाला नारळ लागत नाय."

"मग काय लागतं ते सांग, ते आणू."

"काय लागत नाय. तो रुसलेलाच नाय."

"न रुसणारा देव कसला रे?" आबांना खरोखरच कळेना. "वार मोडून रुसत नाय, दिलं तर घेत नाय, तर मग तो हाय कशाला? आणि समज, रुसला तर? तुज्यावर रुसू दे. पण भात तुज्या भावाचं हाय, वाडी आमची हाय."

बाबा हात जोडून उभे राहिले, पण नारळ घेतला नाही. आबांनी तो पायरीवर ठेवला आणि सगळे निघून गेले. पाळीत आमची लावणी गुरुवारी होती. नारळ फोडला नाही तर गुरुवारी आमच्या खाचरात कुणी उतरणार नाही, हे कुणी बोललं नाही, पण आम्हां तिघांनाही ते कळलं होतं.

दुपारी आईनं विषय काढला. सुकट भाजत होती, त्याचा वास घरभर पसरला होता. ती म्हणाली, "एक नारळ फोडायला काय जातंय तुमचं? रविवार मोडला तर प्रभू रागावत नाय म्हणता. मग नारळावर रागावल काय?"

आईचं म्हणणं अगदी रास्त होतं, आजही मला ते रास्तच वाटतं. बाबा म्हणाले, "तो नाय रागवायचा. पण मी फोडला, तर भाऊ जन्मभर माज्या प्रभूला भिऊन राहील. काय दुखलं-खुपलं की म्हणेल, धोंडूच्या देवाचं कायतरी राह्यलं. ज्यानं माजी भीती काढली, त्याच्याच नावानं मी भावाला भीती घालू?"

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारचं गुरुवारी."

मंगळवारी सकाळी काकी आली, आमच्याकडे न बघता पायरीवरचा नारळ उचलला आणि आपल्या खाचराकडे गेली. मी मागून गेले. बांधावरच्या दगडावर तिनं नारळ फोडला, पाणी रोपांवर शिंपडलं आणि आभाळाकडे हात जोडून म्हणाली, "भावजीच्या देवा, तुजं नाव मला ठाव नाय. आमच्यापायी तुजा वार मोडला. चुकलं असल तर पोटात घाल, आमच्या माणसाला उठव." तिचं रडं पाहून मलाही रडू आलं. तशी प्रार्थना मी महाडच्या खोलीत कधी ऐकली नव्हती. पण घरी येऊन बाबांना सांगितलं, तेव्हा ते ओटीवरच्या खांबाला टेकून बसले ते जेवायलाही उठले नाहीत. एवढ्या वर्षांत वाडीला त्यांच्या प्रभूची एवढीच ओळख झाली होती, की आणखी एका देवाला भ्यायला पाहिजे.

काकीचं खाचर वाडीच्या दृष्टीनं शुद्ध झालं. आम्ही झालो नाही. ज्याला स्वतःच्या देवाचा धाक नाही, तो आमच्या देवाचा काय ठेवणार, असं लोक म्हणू लागले. गुरुवार उजाडला. पाऊस पुन्हा धरला होता. आईनं अंगावर इरलं घेतलं आणि बांधावर जाऊन वाट पाहत उभी राहिली. पलीकडच्या चढावर सगळी वाडी दुसऱ्याच कुणाच्या तरी खाचरात उतरलेली दिसत होती. बायकांची लावणीची गाणी पावसातून ऐकू येत होती. आम्ही तिघंच आमच्या खाचरात उतरलो. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवारी अंधार पडेपर्यंत आम्ही वाकत होतो. तरी खालची दोन खाचरं राहिलीच. चिखलणी झालेली होती, रोपांच्या मुठी बांधून पाण्यात टाकलेल्या होत्या. उपटलेलं रोप फार थांबत नाही.

रविवारी सकाळी बाबांनी धुतलेला सदरा घातला.

आई पाहतच राहिली. "आज येणार नाय?"

"आज रविवार हाय."

"मागच्या रविवारी नव्हता?"

"तेव्हा भावाचं होतं," बाबा म्हणाले. "हे माजं हाय. स्वतःसाठी नाय मोडवत."

आई चिडली. एवढी चिडलेली मी तिला आधी कधी पाहिली नव्हती. "तुमचा विश्वास तुमच्यापाशी ठेवा. पोरीच्या पोटाचं काय?" एवढं बोलून तिनं इरलं उचललं आणि एकटीच खाली निघून गेली. बाबांनी तिला अडवलं नाही. घोंगडी अंथरली, शास्त्र उघडलं, आणि पहिलं भजन सुरू केलं. मी अंगणात उभी होते. एकीकडे ओटीवर बाबा एकटे गात होते, दुसरीकडे खाली खाचरात आई एकटी वाकलेली दिसत होती. दोघांपैकी एकाचीच सोबत मला करता येणार होती. मी ओटीवर गेले आणि बाबांच्या शेजारी बसून म्हणू लागले. विश्वासानं नाही. आईला निदान राग होता. बाबांजवळ काहीच नव्हतं, म्हणून मी तिकडे गेले. उपासना संपताच बाबांनी फडक्यात भाकरी बांधली आणि आम्ही खाली गेलो. मी चिखलात उतरले. बाबा बांधावर बसले. भर पावसात, डोकंसुद्धा न झाकता, आईचं काम संपेपर्यंत बसून राहिले, पण चिखलात पाय घातला नाही. आई एकदाच म्हणाली, "आत तरी या, नायतर घरी तरी जा." त्यांनी दोन्ही केलं नाही. आम्हांला एकच खाचर लावता आलं. दुसऱ्यातलं रोप पिवळं पडून गेलं, आणि त्या वर्षी आम्ही भात कमी आणि नाचणी जास्त खाल्ली.

श्रावणात महाडला गेलो. काही दिवसांपासून आईबाबांचं बोलणं कामापुरतंच होतं. एसटीतही ती खिडकीपाशी, मी मधे आणि बाबा कडेला. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, भाकरीचा एक लहान तुकडा आणि प्याल्यातला एक घोट, बाप्तिस्मा घेतलेली मोठी माणसं एका पंगतीनं बसून घेतात. बाबांना तेवढा एकच दिवस कुणाच्या तरी पंगतीला बसायला मिळायचं. भोजनाआधी पाळकसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, कुणाच्या मनात काही असेल तर सांगा. बाबा उठून उभे राहिले आणि काकांच्या खाचराची सगळी हकिगत सांगितली. लपवायचं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. "ह्ये पाप हाय की नाय, तुमीच सांगा साहेब," असं म्हणून ते थांबले.

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. पण ज्या भावाला त्यांनी इतक्यांदा सगळ्यांपुढे उभं केलं होतं, तोच आज हे सांगत होता. खोलीत चुळबुळ झाली. ते म्हणाले, "धोंडिबा, आज्ञा ती आज्ञा. तुमचं मन चांगलं होतं, ते मी समजतो. फक्त चूक झाली असं म्हणा. एवढं म्हटलं की पुरे. प्रभू क्षमाशील आहे."

आई माझ्या कानाशी वाकली आणि पुटपुटली, "ह्यांनापण नारळच पायजे."

बाबा हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तसं म्हणवत नाय. उद्या पुन्हा भाऊ पडला, तर मी पुन्हा जाईन. मग खोटं कसं बोलू?"

"मग आज तुम्हांला भोजन देता येणार नाही," पाळकसाहेब म्हणाले. त्यांनाही ते जड गेलं, हे दिसत होतं. बाबांनी मान हलवली आणि ते खाली बसले. वाडीत आमच्या घरचं कुणी खात नव्हतं, आणि इथं बाबांना कुणी वाढणार नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

ताटली फिरू लागली. मास्तरांनी घेतलं, नर्सबाईंनी घेतलं, पोस्टातल्या मंडळींनी घेतलं. बाबांच्या पुढून ताटली न थांबता सरकली. तेव्हा ते डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत तेच भजन म्हणत होते, जे सगळे म्हणत होते. मग पाळकसाहेब आईपुढे आले. आईनं हात मांडीवर ठेवले होते, ते उचलले नाहीत.

"घ्या, बाई. तुम्हांला मनाई नाही."

"ह्यांना द्या, मग घेते."

पाळकसाहेब ताटली घेऊन तसेच उभे राहिले. सगळे आमच्याकडे बघत होते. आईनं मान खाली घातली नाही. शेवटी ताटली पुढे गेली.

एसटीच्या थांब्यापर्यंत बाबा पुढे, आई मागे, असंच आम्ही चालत होतो. सावित्री नदीला पूर होता, त्याचा आवाज बाजारापर्यंत येत होता. थांब्यावर बाबा थांबले, आई जवळ येईपर्यंत वाट पाहिली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू घ्यायला पायजे व्हतंस गो. तुला कोण नाय म्हणत नव्हतं."

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मला भूक नव्हती," ती म्हणाली.